ऑइल फिल्टरची दोन कर्तव्ये

1. एक रास्त प्रश्न

“आकार तोच, रंग तोच, आटे तेच, आणि इंजिनावर बसतोही तितकाच घट्ट, मग निम्म्या किमतीचा ऑइल फिल्टर घेतला, तर बिघडले कुठे?” आगरदांड्याच्या धक्क्यावर मचव्याचा नाखवा हा प्रश्न विचारतो, दिघीकडे जाणाऱ्या फेरीबोटीसाठी रांगेत उभा असलेला टेम्पोवाला विचारतो, आणि मुरूडच्या बाजारपेठेत सुटे भाग घ्यावयास आलेला रिक्षावालाही विचारतो. ज्याला प्रत्येक फेरीचा हिशेब डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा वजा करून मग घरी न्यावा लागतो, त्याने असे विचारावे हे सर्वस्वी योग्य आहे. आणि “कंपनीचाच घ्या” एवढे सांगून त्याला वाटेस लावणे म्हणजे त्याच्या प्रश्नाला उत्तर न देणेच होय.

आगरदांडा हे मुरूड तालुक्यातील गाव राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावर वसले आहे. समोर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी, आणि खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग. एकेकाळी येथील सारे दळणवळण शीड आणि वल्हे यांच्या बळावर चाले. आज मासेमारीचा मचवा, माणसांसह मोटारी पैलतीरी नेणारी फेरीबोट, बंदराकडे जाणारे मालट्रक आणि मुरूड आगाराची एस. टी. या सर्वांचा भार डिझेल इंजिनावर आहे. त्यात खारी हवा, रस्त्यावरची लाल धूळ आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारी-बंदीच्या मुदतीत मचव्याच्या इंजिनाला घडणारा दीर्घ मुक्काम, या तीन गोष्टींमुळे येथे ऑइल फिल्टरची परीक्षा अधिक कठोर होते.

या प्रकरणाचा सारा आशय एका विधानात सांगता येतो. ऑइल फिल्टरला परस्परांच्या विरुद्ध जाणारी दोन कर्तव्ये एकाच वेळी पार पाडावी लागतात: तेलातील कचरा अडवायचा, आणि तेलाचा ओघ मात्र क्षणभरही अडू द्यायचा नाही. चांगला फिल्टर म्हणजे ही दोन्ही कर्तव्ये सांभाळणारा. निकृष्ट फिल्टर म्हणजे एकासाठी दुसऱ्याचा, आणि कित्येकदा दोहोंचाही, बळी देणारा. हे कसे घडते ते पाहण्यासाठी आधी तेलाचे काम समजून घेतले पाहिजे.

2. तेलाचा पडदा

इंजिन सुरळीत चालू असताना क्रँकचा गोल दांडा त्याच्या बेअरिंगवर टेकलेला नसतो. तो तेलाच्या अत्यंत पातळ पडद्यावर तरंगत फिरत असतो. धातू आणि धातू यांचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ न देणे हेच तेलाचे पहिले काम, आणि उष्णता वाहून नेणे व कचरा आपल्यासोबत घेऊन जाणे ही त्याची पुढची कामे.

हा पडदा किती पातळ असतो? मायक्रॉन हे येथील माप आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. क्रँकच्या 60 मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती बेअरिंगमध्ये एकंदर मोकळीक सुमारे 60 मायक्रॉनच, म्हणजे केसाच्या जाडीहूनही थोडी कमी, ठेवलेली असते. आणि ज्या बाजूला भार पडतो तेथे तेलाचा पडदा अवघ्या काही मायक्रॉनांचा उरतो. डोळ्यांना दिसणाऱ्या कणांपेक्षा न दिसणारे कणच इंजिनाचे मोठे वैरी का असतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. 5 ते 20 मायक्रॉनांचा कण मोकळिकीत सहज शिरतो, परंतु भाराच्या बाजूस पडद्यापेक्षा तोच जाड ठरतो आणि दोन्ही पृष्ठांवर एकदम ओरखडा काढीत पुढे सरकतो.

3. कचरा येतो कोठून?

तेलाचा डबा सीलबंद असतो आणि इंजिनही चहूबाजूंनी बंद असते. मग कचरा येतो कोठून, असा संशय वाचकाला येणे स्वाभाविक आहे. त्याच्या वाटा चार आहेत. पहिली वाट हवेची: सिलिंडरमध्ये ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर एअर फिल्टरमधून सुटलेली सूक्ष्म धूळ आत येते आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेने तेलात उतरते, या धुळीतील गारेचे कण साध्या पोलादापेक्षाही कठीण असतात. दुसरी वाट ज्वलनाची: डिझेल जळताना काजळी निर्माण होते आणि तीच तेलाला थोड्या दिवसांत काळे करते. तिसरी वाट इंजिनाच्या स्वतःच्या झिजेची: रिंगा, लायनर आणि बेअरिंगचे शेल यांतून निघालेला धातूचा चुरा. चौथी वाट पाण्याची, आणि किनाऱ्यावर ती विशेष महत्त्वाची आहे: खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातील कूलर कोठे गळू लागला, तर समुद्राचे पाणी तेलात मिसळून त्याचा दुधट गोळा होऊ लागतो.

यातील तिसरी वाट पहिल्या वाटेचीच संतती आहे, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. धुळीचा एक कण ओरखडा काढतो. त्या ओरखड्यातून धातूचे नवे कण सुटतात. ते तेलाबरोबर फिरून परत येतात आणि नवे ओरखडे काढतात. बेअरिंगच्या शेलवर मऊ धातूचा थर मुद्दाम दिलेला असतो, तो अशासाठी की एखाददुसरा कण त्यात रुतून निरुपद्रवी व्हावा. परंतु रुतून घेण्याच्या या शक्तीलाही मर्यादा असते, आणि ती संपली की तेच रुतलेले कण क्रँकच्या दांड्यावर कानशीप्रमाणे काम करू लागतात. हे दुष्टचक्र तोडण्यासाठीच इंजिनाला फिल्टर दिलेला असतो.

4. सर्व तेल गाळण्याची रीत

आरंभीच्या मोटारींना ऑइल फिल्टर नव्हताच. तेल थोड्याथोड्या अंतराने काढून टाकावयाचे, हाच एक उपाय होता. अमेरिकेत 1920 नंतरच्या काही वर्षांत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी ‘प्युरोलेटर’ नावाचा फिल्टर प्रचारात आणला. त्या काळातील फिल्टर तेलाचा थोडा अंश बाजूला घेऊन गाळीत आणि तो परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भागात, सोडीत. बेअरिंगकडे जाणारे बाकीचे तेल न गाळताच जाई. पुढे पंपाकडून येणारे सर्व तेल आधी फिल्टरमधून आणि मगच बेअरिंगकडे नेण्याची पद्धत रूढ झाली, आणि 1950 नंतर आटे पिळून बसविण्याचा, काम संपले की डब्यासकट टाकून देण्याचा फिल्टर आला. काही इंजिनांत अजूनही कायमच्या कवचात फक्त आतला कागदी भाग, म्हणजे मेकॅनिक ज्याला ‘एलिमेंट’ म्हणतात तो, बदलावा लागतो.

सर्व तेल गाळण्याच्या या रीतीने इंजिनाचे आयुष्य वाढले, हे निर्विवाद आहे. परंतु तिच्यासोबत एक जोखीमही आली. पूर्वी फिल्टर निकामी झाला तर तेल मळके राही, एवढेच. आता तो पंप आणि बेअरिंग यांच्यामधील एकमेव नाक्यावर बसला असल्यामुळे, तो बिघडला तर बेअरिंगला तेलच मिळत नाही, असेही घडू शकते.

या नाक्यावरून रहदारी किती होते ते पाहा. समजा, इंजिनाच्या चेंबरमध्ये 10 लिटर तेल आहे आणि पंप मिनिटाला 30 लिटर तेल ढकलतो. म्हणजे सगळे तेल मिनिटातून तीन वेळा फिल्टरमधून जाते. फिल्टर 250 तासांनी बदलावयाचा असेल, तर त्याच्या कारकीर्दीत 15,000 मिनिटे भरतात आणि त्या मुदतीत त्याच्यामधून साडेचार लाख लिटर तेल वाहून जाते. एवढे काम ज्याच्यावर सोपविले, त्याच्या पोटात काय आहे हे पाहणे क्रमप्राप्त आहे.

5. डब्याच्या पोटात

पिळून बसविण्याचा फिल्टर उघडला, तर तळाशी एक जाड पोलादी चकती दिसते. तिच्या मध्यभागी आटे पाडलेले मोठे भोक आणि भोवताली लहान भोकांचे कडे. मळके तेल कडेच्या लहान भोकांतून आत येते, घड्या घातलेल्या कागदातून बाहेरून आत झिरपते, भोके पाडलेल्या मधल्या नळीत उतरते आणि मोठ्या भोकावाटे इंजिनात परत जाते. घड्यांच्या कागदाला राळेचा संस्कार केलेला असतो, तो उष्ण तेलात मऊ पडू नये म्हणून. उंची फिल्टरमध्ये त्याच्या जोडीला काचेचे किंवा कृत्रिम तंतूही असतात. कागदाची दोन्ही टोके टोपणांमध्ये चिकटविलेली असतात. याखेरीज दोन झडपा, एक स्प्रिंग आणि चकतीच्या कडेला रबरी गॅस्केट. एवढाच हा संसार. आणि बाहेरून पाहता यांपैकी गॅस्केट, आटे आणि डब्यावरचा रंग यांखेरीज काहीच दिसत नाही.

आता घड्यांचा हिशेब करू. एका फिल्टरमध्ये 50 घड्या आहेत, प्रत्येक घडी 15 मिलिमीटर खोल आणि 80 मिलिमीटर उंच आहे असे धरा. घडीला दोन बाजू असतात; म्हणून कागदाचे क्षेत्रफळ 50 × 2 × 15 × 80, म्हणजे 1,20,000 चौरस मिलिमीटर, अर्थात 1,200 चौरस सेंटिमीटर. तशाच डब्यात दुसऱ्या कारखानदाराने काटकसर करून 35 घड्या घातल्या आणि त्यांची खोली 12 मिलिमीटर ठेवली, तर क्षेत्रफळ 672 चौरस सेंटिमीटर भरते. डबा तोच, पण कागद निम्म्याहून थोडाच अधिक. तितकेच तेल आता जवळजवळ निम्म्या वाटेतून जावयाचे, म्हणून प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार सुमारे 1.8 पट झाला. कचरा साठविण्याची जागाही तितक्याच प्रमाणात घटली. 250 तास चालावयाचा फिल्टर निम्म्या वाटेवरच तुंबू लागेल, आणि त्याची वार्ता बाहेर कोणालाही लागणार नाही.

6. ‘20 मायक्रॉन’ या आकड्याचा अर्थ

फिल्टरच्या खोक्यावर कधी ‘20 मायक्रॉन’ असे छापलेले आढळते. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. 20 मायक्रॉनांचे शंभर कण आले असता त्यांतील किती अडले, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. शंभरातले 50 अडविणाराही आपल्याला 20 मायक्रॉनांचा म्हणवितो आणि साडेनव्याण्णव टक्के अडविणाराही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानक आय.एस.ओ. 4548 यात फिल्टरमधून कण मिसळलेले तेल पुनःपुन्हा फिरवून, आत गेलेले आणि बाहेर आलेले कण मोजण्याची रीत घालून दिली आहे.

येथे चाणाक्ष वाचक आक्षेप घेईल की, तेल जर मिनिटातून तीन वेळा फिरते, तर निम्मे कण अडविणारा फिल्टरही थोड्याच वेळात ते स्वच्छ करीलच. आक्षेप अर्धा खरा आहे. एक हजार कण घेऊ. पहिल्या फेरीत 500 सुटतील, दुसरीत 250, तिसरीत 125, आणि असे करता करता तेल खरोखरच स्वच्छ होईल. परंतु सुटलेले कण गेले कोठे? ते बेअरिंगमधून गेले. पहिल्या फेरीत 500 वेळा, दुसरीत 250 वेळा, तिसरीत 125 वेळा. सर्वांची बेरीज जवळजवळ 1,000 भरते. साडेनव्याण्णव टक्के अडविणाऱ्या फिल्टरमधून पहिल्या फेरीत पाच कण सुटतात आणि पुढे मोजण्यासारखे काही उरत नाही. एका इंजिनाच्या बेअरिंगने हजार कणांचे घाव सोसले, दुसऱ्याच्या बेअरिंगने पाचांचे. चेंबरमधून काढलेले तेल दोहोंचे सारखेच दिसेल. इंजिनांची झीज मात्र सारखी असणार नाही.

7. पहिली झडप: ओघ राखणारी

फिल्टर तुंबला, किंवा पहाटेच्या गारव्यात तेल घट्ट असताना इंजिन सुरू केले, तर कागदातून पुरेसे तेल जाऊ शकत नाही. अशा वेळी बेअरिंग कोरडे राहण्यापेक्षा न गाळलेले तेल मिळालेले बरे, हा विचार करून फिल्टरमध्ये बायपास झडप ठेवलेली असते. कागदाच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतील अंतर ठराविक मर्यादेबाहेर, बहुधा दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास, गेले की तिची स्प्रिंग दबते आणि तेल कागदाला वळसा घालून थेट पुढे जाते. पहिल्या विभागात सांगितलेल्या दोन कर्तव्यांमधील तडजोड होते ती या झडपेपाशी.

ही मर्यादा इंजिनागणिक निराळी असते. काही इंजिनांत बायपास झडप इंजिनाच्या अंगातच बसविलेली असते आणि त्यांच्या फिल्टरला ती नसते. काहींत ती फिल्टरमध्येच असावी लागते. झडप नसलेला फिल्टर दुसऱ्या प्रकारच्या इंजिनावर आटे जुळतात म्हणून बसविला, तर तो तुंबताच बेअरिंगचा तेलपुरवठा आटतो. उलटपक्षी, हलक्या स्प्रिंगची झडप असेल तर ती चांगल्या स्थितीतही अर्धवट उघडी राहते आणि तेल कागदाच्या वाटेला न जाता बाहेरच्या बाहेर पुढे जात राहते. फिल्टर ‘बसतो’ याचा अर्थ तो ‘योग्य आहे’ असा का होत नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

झडप गंजून किंवा ओबडधोबड घडणीमुळे उघडलीच नाही, तर काय होते तेही मोजून पाहू. मधली नळी 3 सेंटिमीटर व्यासाची आणि 8 सेंटिमीटर लांब असेल, तर तिचे बाह्य क्षेत्रफळ सुमारे 75 चौरस सेंटिमीटर होते. दाबाचे अंतर तीन किलोपर्यंत चढले, की त्या नळीवर सर्व बाजूंनी मिळून सव्वादोनशे किलोंचा भार येतो. नळीचा पत्रा कागदासारखा पातळ घेतला असेल तर ती चेपते, घड्या फाटतात, टोपणाचा चिकटा सुटतो, आणि आजवर अडवून ठेवलेला सारा कचरा कागदाच्या तंतूंसह एकदम बेअरिंगकडे निघतो.

8. दुसरी झडप: तेल मागे न जाऊ देणारी

इंजिन बंद झाले की वरच्या भागातील तेल आपल्या वजनाने खाली, चेंबरकडे, उतरू पाहते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसविलेला असेल तर तोही रिकामा होतो, आणि पुढच्या खेपेस इंजिन सुरू होताच पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो व मगच बेअरिंगला तेल मिळते. ही अडचण टाळण्यासाठी लहान भोकांच्या कड्यामागे रबराची एक लवचिक चकती असते.

तिचे कार्य आपल्या खाडीकाठच्या माणसाला सांगण्याची गरजच नाही, कारण खारबंदिस्तीच्या बांधातील उघाडीचे दार त्याने पाहिलेले असते. शेतातील पाण्याच्या रेट्याने ते दार बाहेरच्या अंगास उघडते, आणि भरती चढू लागली की भरतीच्याच रेट्याने मिटते; तेथे राखणीला कोणी उभे राहावे लागत नाही. परंतु दार कुजले, किंवा त्याच्या फटीत दगड अडकला, तर बांध कितीही भक्कम असला तरी खारे पाणी शेतात शिरतेच. फिल्टरमधील रबरी चकतीचेही तसेच आहे. तेलाचे तापमान 100 अंशांच्या घरात जाते; हलक्या रबराची चकती त्या उष्णतेने काही आठवड्यांत कडक होते, तिच्या कडा वाकतात, आणि मग ती नावापुरती उरते.

अशा इंजिनाची खूण कानाला कळते. रात्रभर उभे राहिलेले इंजिन सकाळी सुरू करताच काही क्षण कोरडी खडखड ऐकू येते, तेलाच्या दाबाचा काटा सावकाश वर चढतो, आणि मग आवाज निवतो. पुष्कळजण ‘गरम झाले की बरे होते’ म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः ते काही क्षण म्हणजे धातूवर धातू घासण्याचे क्षण होत. आणि जी रिक्षा दिवसातून वीस वेळा बंद होऊन वीस वेळा सुरू होते, तिच्या बाबतीत त्यांची बेरीज मोठी होते.

9. इंजिन प्रत्यक्ष कसे बसते

निकृष्ट फिल्टरचा अपाय दोन गतींनी होतो. पहिली गती मंद. घड्या कमी, कागद विरळ, बायपास अर्धवट उघडी. इंजिन चालू असते, पण दाब थोडाथोडा उतरतो, तेल जळू लागते, धूर वाढतो, आणि दोन-तीन हंगामांनी मेकॅनिक ‘हाफ इंजिनचे काम’ सांगतो. रिंगा, शेल बदलावे लागतात. क्रँकवर ओरखडे खोल असतील तर तो काढून ग्राइंडिंगला पाठवावा लागतो. एवढा काळ लोटल्यावर फिल्टरवर संशय कोणी घेत नाही, कारण तो फिल्टर केव्हाच भंगारात गेलेला असतो. दोष तेलाला, डिझेलला किंवा इंजिनाच्या वयाला दिला जातो आणि पुढच्या खेपेस पुन्हा तोच फिल्टर विकत घेतला जातो.

दुसरी गती विलक्षण जलद. गॅस्केटचे रबर हलके असेल, किंवा जुन्या फिल्टरचे गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिले आणि त्यावरच नवा फिल्टर चढविला, तर दाबाखाली ते बाहेर ढकलले जाते. आपल्या उदाहरणातील पंप मिनिटाला 30 लिटर तेल ढकलतो आणि चेंबरमध्ये तेल आहे 10 लिटर. वाट पूर्ण मोकळी झाली तर चेंबर रिकामा होण्यास 20 सेकंद पुरतात. रस्त्यावर ट्रक कडेला उभा करता येतो. मचव्याच्या इंजिनाच्या बाबतीत तांडेल सुकाणूपाशी असतो, इंजिन फळ्यांखाली असते, आणि दाबाचा इशारा ध्यानी येईपर्यंत बेअरिंग तापून क्रँकला धरते. किनारा दृष्टीआड असताना इंजिन जाम होणे म्हणजे जाळ्यांसह मचवा आणि त्यावरील माणसे वाऱ्याच्या व प्रवाहाच्या स्वाधीन होणे होय. एका स्वस्त फिल्टरच्या किमतीत ही जोखीम धरलेली नसते.

किनाऱ्यावरील दोन गोष्टी येथे जोडावयास हव्यात. पातळ पत्र्याचा, हलक्या रंगाचा डबा खाऱ्या हवेने बाहेरून गंजतो आणि आतील दाबाने नेमका गंजलेल्या जागी फुटू शकतो. तेलात पाणी मिसळले असेल तर साधा कागद ते शोषून फुगतो आणि तेलाची वाट बंद करतो. म्हणून तेल दुधट दिसले तर केवळ फिल्टर बदलून भागत नाही, कूलरची तपासणी आधी झाली पाहिजे.

10. बाहेरचा प्रत्येक फिल्टर वाईट असतो काय?

नाही, आणि हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. इंजिनाचा कारखाना फिल्टर सहसा स्वतः बनवीत नाही. तो फिल्टरच्या कारखान्याकडून घेतो. पुणे परिसरात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना 1946 साली आणि किर्लोस्कर कमिन्सची 1962 साली झाली. त्यांच्यासारख्या कारखान्यांभोवती सुटे भाग बनविणारा मोठा उद्योग उभा राहिला, आणि फ्लीटगार्डसारखी फिल्टरचीच निर्मिती करणारी कंपनीही पुण्यातच आहे. असा नामवंत फिल्टर-कारखाना स्वतःच्या नावाने जो माल विकतो, तो इंजिनाच्या कंपनीच्या खोक्यातील मालाइतकाच विश्वसनीय असू शकतो.

तेव्हा भेद ‘कंपनीचा’ आणि ‘बाहेरचा’ असा करू नये. तीन वर्ग करावेत. पहिला, इंजिन-कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, आपले नाव, पत्ता व मालाचा क्रमांक उघडपणे छापणाऱ्या आणि आपला फिल्टर कोणत्या इंजिनासाठी आहे हे कोष्टकात सांगणाऱ्या कारखान्याचा. तिसरा, दुसऱ्याच्या नावाची नक्कल करणारा किंवा कोणाचेच नाव न सांगणारा. पहिल्या दोहोंत निवड करताना किमतीचा विचार अवश्य करावा. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र स्वस्ताई पाहू नये.

आणि चांगला फिल्टरही मुदतीबाहेर चालविला तर वाईटच ठरतो. तुंबलेला नामवंत फिल्टर आणि नवा निकृष्ट फिल्टर, दोघेही बायपास उघडून न गाळलेलेच तेल पुढे पाठवितात.

11. बसविणे आणि उघडून पाहणे

नवा फिल्टर हाती घेतला की मधल्या भोकातील आट्यांवरून बोट फिरवावे. धातूचा कीस लागला तर तो फिल्टर परत करावा, कारण तो कीस गाळलेल्या तेलाच्या बाजूला आहे आणि सरळ बेअरिंगकडे जाणार आहे. लहान भोकांतून काडीने रबरी चकती हळूच दाबून पाहावी; ती मऊ असावी आणि सोडताच जागेवर यावी. जुने गॅस्केट निघाले असल्याची खात्री करावी, नव्या गॅस्केटला तेलाचे बोट लावावे, आणि फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवून मग डब्यावर लिहिलेले असेल तितकेच, बहुधा पाऊण फेरा, घट्ट करावे. फिल्टर आधी तेलाने भरावयाचा असेल तर तेल कडेच्या लहान भोकांतून घालावे, मधल्या भोकातून कधीही घालू नये.

बंदीच्या मुदतीपूर्वी, मचवा वर ओढताना, तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. जुन्या तेलातील आम्ल आणि पाणी दोन महिने बेअरिंगवर बसू देऊ नये. ऑगस्टच्या आरंभी इंजिन सुरू करण्यापूर्वी डिझेल बंद ठेवून ते काही वेळ नुसते फिरवावे आणि दाबाचा काटा हलल्यावरच सुरू करावे, कारण उत्तम रबराची चकतीसुद्धा तेल दोन महिने धरून ठेवील असे नाही.

जुना फिल्टर टाकून देण्यापूर्वी उघडून पाहणे ही सर्वांत मोलाची सवय होय. करवतीने कापू नये, करवतीचाच कीस आत पडतो. डब्याची दुमडलेली कड कानशीने घासून चकती मोकळी करावी. घड्यांचा कागद काढून शेगड्यात दाबून तेल निपटावे आणि उन्हात पसरावा. काळी काजळी दिसणे स्वाभाविक आहे. चकाकणारे कण दिसले तर कागदावरून लोहचुंबक फिरवावा: जे चिकटतील ते लोखंडाचे, म्हणजे रिंगा, लायनर किंवा गिअर यांचे; जे रुपेरी असून चिकटत नाहीत ते बेअरिंगच्या मऊ थराचे किंवा पिस्टनचे; आणि तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला उघडा पडला असण्याचा संभव असतो, तेव्हा मचवा समुद्रात नेण्यापूर्वी मेकॅनिकला दाखवावे. याच वेळी घड्या मोजाव्यात, मधली नळी चेपली आहे काय आणि टोपणाचा चिकटा सुटला आहे काय, तेही पाहावे.

12. पावती, कायदा आणि संस्था

नोंदणीकृत व्यापारचिन्हाची नक्कल करून माल विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 अन्वये गुन्हा असून त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे. सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याची तजवीज ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 यात आहे. व्यापारासाठी घेतलेल्या मालाला हा अधिनियम लागू होत नाही, असे कोणी सांगेल. परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही, आणि एका मचव्यावर किंवा एका रिक्षावर पोट असलेल्या माणसाला ही तरतूद आधार देऊ शकते. मात्र फिर्याद टिकावयाची तर पक्की पावती, तिच्यावर फिल्टरचा क्रमांक, आणि उघडलेला फिल्टर हे तीन पुरावे हाती पाहिजेत. पावती न घेता वाचविलेले चार पैसे हा सारा हक्क गमावून वाचविलेले असतात.

एकट्या नाखव्याला हे सर्व सांभाळणे कठीण जाईल, हे मान्य केले पाहिजे. परंतु किनाऱ्यावर मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत आणि त्यांतील अनेक सभासदांना डिझेल पुरवितात. अशा संस्थेने एका जातीच्या इंजिनांसाठी वर्षाचे फिल्टर एकत्र खरेदी केले, तर दर घाऊक पडेल आणि पावती संस्थेच्या दप्तरी राहील. हंगामाअखेर प्रत्येक प्रकारचा एकेक वापरलेला फिल्टर सभासदांसमक्ष उघडून घड्यांची संख्या, झडपांची अवस्था, अडकलेला कचरा आणि इंजिनाचे चाललेले तास यांची नोंद एका वहीत करावी. दोन-तीन हंगामांची अशी नोंद जमली, की कोणता फिल्टर दोन्ही कर्तव्ये पाळतो याचा निवाडा खोक्यावरचा रंग करणार नाही, दुकानदारही करणार नाही. तो ज्यांच्या जिवाची आणि पोटाची त्यावर भिस्त आहे, ते स्वतःच्या पुराव्यावर करतील.